अंबूबाईची चाळण

माझी आई भांडखोर आहे. हे मी चिडून सांगत नाही, वडिवळ्यात कुणालाही विचारा. पाणी सोडणाऱ्याशी, पंचायतीच्या शिपायाशी, धरणावर फोटो काढायला येऊन आमच्या बांधावर गाडी लावणाऱ्या पाहुण्यांशी, सगळ्यांशी तिचं एकदा तरी वाजलेलं आहे. एका गाडीच्या काचेला तिने शेण थापलं होतं आणि वर त्यांनाच पाणी आणून दिलं होतं, धुऊन घ्या म्हणून. फक्त दोन माणसांपुढे ती गप्प असायची. एक माझा थोरला भाऊ कैलास, आणि दुसरे गावच्या तालमीचे दत्तोबा वस्ताद. त्या दोघांसमोर तिची जीभ कुठे जायची, देव जाणे. याचा मला लहानपणापासून राग आहे.

दादा आठ वर्षांचा असताना तालमीत गेला. दत्तोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, अंबूबाई, पोरगं पैलवान होणार, खुराक बघा. झालं. त्या दिवसापासून घरातली म्हैस आमची राहिली नाही, दादाची झाली. सकाळचं दूध दादाला, संध्याकाळचं दूध दादाला, तूप दादाला. वडील रेल्वेत गँगमन होते, दिवसभर रुळांवर राबून यायचे, त्यांनाही चहापुरतं दूध मिळायचं. मला कोरा चहा. वडील गेले तेव्हाही तेराव्यानंतर पहिलं काय केलं असेल, तर दादाचे बदाम आणले. मी आज छत्तीसची आहे आणि अजून कोराच चहा पिते. लोक विचारतात, डाएट का? मी हो म्हणते.

पण दूध एक वेळ सोडा. आईचं खरं काम मातीचं होतं.

तालमीतली माती दरवर्षी दसऱ्याच्या आधी बदलतात. तांबडी माती ट्रॉलीतून येते, ती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळतात आणि मग ती हौदात, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यात, पडते. आमच्या तालमीत बाईने पाऊल टाकायचं नाही, असा दत्तोबांचा नियम. बाईचा पाय चालत नाही, पण हात चालतो. त्यामुळे ट्रॉली तालमीसमोर न थांबता आमच्या अंगणात रिती व्हायची आणि आई आठ-दहा दिवस माती चाळत बसायची. तारेची मोठी गोल चाळण होती तिची, कडेला सुतळी गुंडाळलेली. चाळणीवर तिचा भरवसा नसे. चाळलेली माती पुन्हा गोणपाटावर पसरायची, तळहात फिरवायचा आणि बोटाला लागेल तो बारीकसा खडाही वेचायचा. वेचलेले खडे वाया जात नसत, ते गोठ्यात म्हशीच्या पायाखाली पडायचे. मी एकदा म्हटलं, आये, एवढं तर तू भातातले खडे पण बघत नाहीस. ती म्हणाली, "भात दातानं चावतूय. पाठीला दात न्हाईत."

असं तिने दादासाठी अठरा वर्षं केलं, आणि त्याने तालीम सोडल्यावरही ट्रॉली आमच्याच अंगणात येत राहिली. आणि त्या अठरा वर्षांत पोराची एकही कुस्ती पाहिली नाही.

जत्रेत कुस्त्यांच्या फडाला आमच्याकडे बाया बसत नाहीत. त्या देवळाच्या मागे उभ्या राहून हलगी ऐकायच्या. हलगी घाईला आली की कुस्ती रंगली. एकदम थांबली की निकाल लागला. मग आई कोपऱ्यावर नजर लावून थांबायची. दादा जिंकला तर पोरं ओरडत यायची, अंबूमावशी, पेढे काढा. हरला तर कुणीच यायचं नाही, त्यावरून तिला समजायचं. मग ती घरी येऊन म्हशीवर ओरडायची.

दादा कधी फार मोठा पैलवान झाला नाही, हे लिहायला हवं. तालुक्यात नाव होतं. कान मोडलेले, मान जाडजूड, चालताना दोन्ही हात अंगापासून लांब. पोलीस भरतीत धावण्यात मागे पडला, पुढे गुडघा गेला, वय गेलं. शेवटी लोणावळ्यात एका हॉटेलच्या दारावर काळा टी-शर्ट घालून उभा राहू लागला. शनिवारी-रविवारी दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या पोरांना उचलून बाहेर ठेवायचं, हे काम. सगळं दूध, सगळं तूप, सगळी चाळलेली माती त्या दारात उभी होती. आईला हे दिसत नव्हतं असं नाही. पण ती दादाला चकार शब्द बोलली नाही. मला मात्र स्वयंपाकात मीठ जास्त झालं तरी बोलायची.

त्याच दारात प्रदीप भेटला. हा पिंपरीकडचा कार्यक्रम करणारा माणूस, डोक्यावर टोपी उलटी, हातात सतत दोन फोन. तो परदेशात चालतात तसल्या कुस्त्यांचे शो भरवायचा. त्यात डोक्यात खुर्च्या घालतात, अंगावर ट्यूबलाइट फोडतात, टेबलावर आपटतात, आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नूरा कुस्ती म्हणतात आणि अशी कुस्ती करणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. पण आमच्या नूरा कुस्तीत निदान रक्त तरी येत नाही. इथे कुस्ती खोटी आणि रक्त खरं. दादाचे कान बघून प्रदीप खूश झाला. त्याने दादाचं नाव ठेवलं ‘कातळ’.

मी तेव्हा लोणावळ्यातल्याच एका रिसॉर्टच्या स्टोअरमध्ये होते, आणि शो नेमका आमच्या लॉनवर ठरला. त्यामुळे सामान माझ्या हातून आत गेलं. कामशेतच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांतून जमवलेल्या उडालेल्या ट्यूब, जुन्या लोखंडी खुर्च्या, आणि एका खोक्यात ड्रॉइंग पिना, नोटीस बोर्डाला टोचतात त्या. मी प्रदीपला विचारलं, एवढ्या पिना कशाला, कसले बोर्ड लावताय? तो हसला आणि म्हणाला, ताई, तुमच्या भावाला विचारा.

मी विचारलं. दादाने सांगितलंही. वर म्हणाला, आयेला काही बोलू नकोस, मी तिला बोलावलंय.

त्याने तिला खरंच बोलावलं होतं. घरी येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आये, हितं बायांना बी बसाय खुर्च्या हायत. माजी एक तरी कुस्ती बघ. मी जिकणार हाय." आईने विचारलं, जिंकणार हे आधीच कसं माहीत? तो म्हणाला, सगळं ठरलेलं असतंय, लागत बिगत काय न्हाई. नूरा कुस्ती म्हटल्यावर ती दुसऱ्या कुणाच्या अंगावर धावून गेली असती. दादाला मात्र म्हणाली, बरं. आणि पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

मला सगळं माहीत होतं. मी बोलले नाही. का बोलले नाही, तेही सांगते, इथे लपवून काय मिळवायचं. मला वाटलं, बघू दे. सगळं दूध कुठे गेलं ते हिला एकदा डोळ्यांनी बघू दे.

डिसेंबरातला रविवार, दुपारचे चार. लॉनवर मधोमध दोरांची रिंग, भोवती सात-आठशे माणसं. निम्मी मुंबई-पुण्याची, निम्मी आपलीच पोरं. आई पहिल्या रांगेत, मांडीवर पेढ्यांचा पुडा. पोरगा जिंकणार होता ना.

समोर मुंबईचा एक तरणा, अंगभर गोंदलेला. आधी खुर्च्या झाल्या. खुर्ची पाठीवर वाजली की आवाज मोठा येतो, लागतं त्या मानाने कमी, असं मी तिला कानात सांगितलं. ती बसून राहिली. मग ट्यूब फुटली. पांढरी धूळ उडाली, दादाच्या खांद्यावरून रक्ताची धार लागली आणि मागची माणसं बाकांवर चढून ‘अजून, अजून’ ओरडू लागली. आईने पुडा घट्ट धरला. तरी बसून राहिली. मग त्या पोराने पोतडी उलटी केली आणि रिंगमध्ये पिना ओतल्या. तिला आधी समजलंच नाही. काहीतरी उधळलं असेल, मानाचं, असं तिला वाटलं असणार. मग उन्हात त्या चमकल्या.

पुढचं तिने पाहिलं तसं मी पाहिलं नव्हतं, तिने मला नंतर सांगितलं. दादाला त्या पोराने उचललं तेव्हा दादाने मान वळवून खाली नजर टाकली आणि अंग जरासं सरकवून घेतलं, बरोबर पिनांवर पडता यावं म्हणून. आयुष्यात कुस्ती न पाहिलेल्या बाईला तेवढं दिसलं. तो पाठीवर पडला, पिनांसकट.

ती कधी उठली, दोराखालून आत कशी गेली, मला कळलं नाही. पायातली चप्पल तिच्या हातात होती. मला वाटलं, त्या मुंबईच्या पोराचं काही खरं नाही. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. खाली पडलेल्या दादाला तिने चपलेने मारलं. तोंडावर, खांद्यावर, दिसेल तिथे. जन्मात ज्याला कधी बोट लावलं नाही त्याला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे उठून उभे राहिले, शिट्ट्या, फोन वर. माइकवरचा माणूस ओरडला, कातळची आई मैदानात. ती रडत होती, आणि माझ्या मागचा एक जण बायकोला सांगत होता, बाईचं काम काय मस्त आहे, खरंच आई वाटते. मी मागे वळून त्याला एवढंच म्हटलं की ती माझी पण आई आहे. तो म्हणाला, अरे वा, तुम्ही पण शोमध्ये आहात का?

कामशेतच्या डॉक्टरांनी पिना काढल्या, बरीचशी काच काढली. एक तुकडा मणक्यापासून बोटभर अंतरावर होता. तो दाखवून डॉक्टर दादाला म्हणाले, पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका, पुण्याला जा, आणि चालत जाता येईल असं गृहीत धरू नका. बारीक काच पुढे महिनाभर पाठीतून वर येत राहिली. सकाळी अंगणात उन्हाला बसवून आई तळहात फिरवायची आणि बोटाला लागेल तिथे मी चिमटा लावायचे. आई पंधरा दिवस त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. मला वाटलं, चला, शहाणा झाला असेल.

कसला शहाणा. प्रदीप आला. गाडी बांधावर लावून आला, आणि आई बघत राहिली, शेण उचललं नाही. त्याने फोनवर तिचा व्हिडिओ दाखवला. लाखो लोकांनी बघितला होता. फेब्रुवारीतल्या शोला अंबूबाई पाहिजेतच, म्हणाला. पिना ओतल्या की आत यायचं, चपलेने बडवायचं, बस. मी त्याला हाकलायला उठले तर दादा मध्ये पडला.

"आये, माजं नाव झालंय गं आता," तो म्हणाला. "लोकं तुज्यामुळं वळखत्यात. एकदाच ये."

बाकी काही नाही, एवढंच मागितलं त्याने. तिला जे रडू आलं होतं ते पुन्हा एकदा, ठरवून, आणून दाखव. माझ्या तोंडाला आलं होतं ते मी इथे लिहीत नाही. आईने तीनच गोष्टी विचारल्या. खिळे पुन्हा असणार का? असणार. किती? माइकवर पाच हजार सांगतात, असतील दोन-तीन हजार. आणि मागून ते कोण गोळा करतं? प्रदीप हसला, झाडूवाला असतो, मावशी, तुम्ही नका काळजी करू.

ती म्हणाली, येते.

मी आठ दिवस तिच्याशी भांडले. तू पण त्यातलीच, म्हटलं. पोराने गू खाल्ला तरी तू ताट धरशील, इथवर बोलले. एरवी एकाला दहा ऐकवणारी बाई ऐकून घेत होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

फेब्रुवारीत लॉन तेच. गर्दी दुप्पट. तिच्या हातात बाजाराची पिशवी होती आणि पिशवीतून चाळण डोकावत होती, ती मातीची. दारावरच्या माणसाला वाटलं, शोचं सामान. साडेपाचला पिना ओतल्या, माइकवर अंबूबाईचा पुकारा झाला आणि लोक तिच्या नावाने ओरडू लागले. ती दोराखालून आत गेली. दादा ठरल्याप्रमाणे त्या पोराच्या हातात, अर्धा उचललेला. आईने पदर खोचला, चप्पल काढून बाजूला ठेवली, खाली बसली, चाळण शेजारी ठेवली आणि पिना वेचायला लागली.

एकेक. चिमटीत धरायची, चाळणीत टाकायची. हातभर जागा मोकळी झाली की तळहात फिरवून बघायची, राहिली असेल ती उचलायची आणि पुढे सरकायची. घाई नाही. अंगणात बसावी तशी.

आधी लोक हसले, टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांनी टाळ्या थांबल्या. दहा मिनिटांनी शिट्ट्या. माइकवरचा काहीबाही बोलून बघत होता, मग त्याचंही संपलं. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती तिच्या पाठीला लागली, तिने मान वळवली नाही. मुंबईच्या पोराने दादाला खाली ठेवलं आणि तो रिंगच्या कडेला पाय सोडून बसला. प्रदीप माझ्याकडे धावत आला, ताई, आईला बाहेर काढा. मी म्हटलं, ती माती चाळायला बसली की आमच्यात कुणी मध्ये बोलत नाही. हे मी खोटं सांगितलं, मी कायम बोलायचे.

मग दादा वाकला. आजूबाजूला इतका आरडाओरडा होता, पण मी रिंगला चिकटून उभी होते, मला ऐकू आलं.

"उठ आये. माजी लाज जातीय."

ती वेचता वेचता म्हणाली, "जाऊ दे. अठरा वरसं माती चाळली ती तुज्या पाठीसाठी. तुला न्हाई तिची किंमत. मला हाय."

दादाने तिला उचललं. वजन ते किती, हाडं आणि लुगडं. दोरावरून बाहेर माझ्यासमोर आणून ठेवलं. लोक खूश झाले, आता होणार म्हणून. आई दोराखालून परत आत गेली आणि जिथे सोडलं होतं तिथून वेचायला लागली. त्याने पुन्हा उचललं. दुसऱ्या वेळी जोरात ठेवलं, तिचं कोपर लोखंडाला सोललं. ती परत गेली. तिसऱ्या वेळी तो तिच्या अंगावर ओरडला, पहिल्यांदाच आयुष्यात, म्हातारे, मर की कुठेतरी. तिने वर बघून म्हटलं, "हे वेचून झालं की मरते."

त्यानंतर त्याने हात लावला नाही. मधोमध उभा राहिला, उघडा, हात अंगापासून लांब. हजारभर फोन त्याच्याकडे रोखलेले होते, म्हणून दुसऱ्या कुणाचीही तिला उचलायची छाती झाली नाही. सात वाजता लॉन एका हळदीला दिलेलं होतं. पावणेसातला आमचा मॅनेजर आला आणि मंडपवाल्यांना आत सोडलं. लोक पैसे परत मागत, प्रदीपच्या आईवरून शिव्या देत निघून गेले. आई शेवटची पिन वेचून उठली, चाळण पिशवीत घातली आणि मला म्हणाली, जीप बघ.

प्रदीपने दादाला परत बोलावलं नाही. दुसऱ्या शोवाल्यांनीही नाही. व्हिडिओ फिरला होता, कातळची म्हातारी येऊन बसेल म्हणून सगळे लांब राहिले. मलाही रिसॉर्टमधून काढलं. काढू दे.

दादा आता कामशेतला मित्राकडे राहतो, एका गोदामावर रखवाली करतो. आईशी बोलत नाही. तिने त्याचं नाव घालवलं, असं तो सगळ्यांना सांगतो, आणि खरंच घालवलं. यंदा दसऱ्याआधी दत्तोबांनी नेहमीप्रमाणे ट्रॉली पाठवली. आईने ती दारातूनच फिरवली. ड्रायव्हरकडे निरोप दिला, की आता तालमीत ज्यांची पोरं आहेत त्या आयांकडे न्या, आणि त्यांना तालमीच्या आत येऊन माती टाकू द्या. दत्तोबा स्वतः आले. त्यांनाही तिने तेच ऐकवलं, आणि वर इतक्या वर्षांचं उरलंसुरलं सगळं ऐकवलं. मी दारात उभी राहून कोरा चहा पीत होते. फार वर्षांनी गोड लागला.

रविवारी दादा म्हशीचा चारा टाकायला येतो, तेवढं त्याने सोडलेलं नाही. तिच्याकडे बघत नाही. चारा टाकतो, अंगणातल्या नळावर सदरा काढतो आणि तिच्याकडे पाठ करून आंघोळ करतो, मुद्दाम, ती ओट्यावर बसलेली असते म्हणून. मी तिला म्हटलं, बघ कसा वागतो तुझा पोरगा, तोंडसुद्धा दाखवत नाही.

"तोंड घिऊन काय करू," आई म्हणाली. ती त्याच्या पाठीवरचे वण मोजत होती. एकही नवा नव्हता.